चार जोडे

तिसरा जोडा पायात घालून मी माजघरातून ओसरीपर्यंत चालत आले, नाना, आणि तुम्ही म्हणालात, अजून एकदा. तुम्ही चटईवर बसला होतात. कचेरीची शेरवानी खुंटीला, चष्मा कपाळावर सरकवलेला, आणि नजर माझ्या पायांच्या जरा पुढे, फरशीवर. बापानं मुलीच्या पायांकडे टक लावून बघायचं नसतं, म्हणून तुम्ही फक्त बूट बघत होतात. मी परत आत गेले, परत बाहेर आले. लाकडी टाच शहाबादी फरशीवर वाजत होती. आतून आत्यानं चूल फुंकता फुंकता विचारलं, घरात घोडं कुणी बांधलं. तुम्ही हसला नाहीत. हसू मला आलं, आणि ते मी खांबाकडे तोंड करून संपवलं. मग तुम्ही म्हणालात की टाच वाजते, पण तोल जात नाही, म्हणजे हा जमला. कचेरीत एखाद्या कागदावर सही करावी तसं म्हणालात.

लग्न होऊन दोन महिने झाले होते आणि मी अजून तुमच्याकडेच होते. यांची हैदराबादला नवी नोकरी, बिऱ्हाड लागायचं होतं. एका दुपारी यांचे मामा हैदराबादहून परतताना जालन्याला उतरले आणि जाफराबादला घरी जाण्याआधी निरोप सांगायला आपल्याकडे आले. बैल जुंपलेली गाडी दाराशी उभीच होती. मामा ओसरीवर टेकले, चहा बशीत ओतून प्याले आणि म्हणाले, पोरगं पुढच्या महिन्यात बायकोला न्यायला येतंय, मग दोघं बंगळूर-म्हैसूरला जाणार आहेत, हवापालटाला.

"आजारी कोन हाये?" आत्यानं दाराआडून विचारलं.

शिकलेली लोकं लग्नानंतर जातात म्हणे आता, असं मामा म्हणाले. यांचे दोन दोस्तही आपापल्या बायका घेऊन त्याच वेळी यायचे होते. आणि मग उठता उठता, एका पायात वहाण सरकवत आणि दुसरी शोधत, त्यांनी मुख्य निरोप सांगितला. "आन् हां. चार जोडे झकास पाहिजेत म्हन्ला तिच्यासाठी. बाकी काही देऊ नका, पन चार जोडे बराबर करा." गाडी गेली. खुलासा विचारायला कुणी उरलं नाही. आणि विचारायचं तरी काय होतं? जोडे म्हणजे जोडे. तुम्ही, मी, आत्या, तिघांनीही तेच ऐकलं.

आपल्या गल्लीत तेव्हा बायकांच्या पायात वहाण असायची ती शेतावर किंवा गावाला जाताना. दळणाला, पाण्याला, देवळात सगळं अनवाणी. आणि कुणाच्या पायात असलीच, तरी कोपऱ्यावरचा ओटा आला की ती काढून हातात घ्यायची, ओटा ओलांडायचा, आणि पुढे पुन्हा घालायची. त्या ओट्यावर सकाळ-संध्याकाळ वकीलसाहेब बसत. वयानं सगळ्यांत वडील, आणि त्यांच्याच शब्दावर तुम्ही तहसील कचेरीत कारकून म्हणून लागला होतात. त्यांनी कुणाला काही म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हणावं लागतच नसे. चार वर्षांची असल्यापासून माझा हात तो ओटा आला की आपोआप खाली जायचा.

म्हणून आत्याचं म्हणणं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. ती म्हणाली, बाईमाणसाला चार जोडे काहून लागतात, एक द्या साधा, नाहीतर न्यायला येईल तेव्हा तोच घेऊन देईल. तुम्ही तिला दोन दिवस एकच उत्तर देत राहिलात, जावयाची फर्माईश आहे. तिसऱ्या दिवशी जेवताना तिनं पुन्हा विषय काढला, तेव्हा तुम्ही हातातला घास ताटात ठेवला.

"हिची आई असती तर न सांगता तिला कळलं असतं काय द्यायचं ते," तुम्ही म्हणालात. "मला न्हाई कळत. मंग जेवढं सांगून धाडलंय तेवढं तरी बराबर झालं पाहिजे."

आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की तिची उणीव मला कधी माझी वाटलीच नव्हती. त्या दिवशी कळलं की ती तुम्ही रोज मोजत होतात. परगावी, परक्या बायकांत, आपली मुलगी आईवेगळी दिसू नये, एवढंच तुम्हाला हवं होतं, आणि ते साधायची वाट म्हणून तुमच्या हाती चार जोडे आले होते.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना तुम्ही रद्दीतला एक जाड कागद आणलात. एका बाजूला कुठल्याशा निकाली निघालेल्या जमिनीच्या दाव्याचं उर्दू लिखाण, दुसरी बाजू कोरी. तो ओसरीवर पसरलात आणि म्हणालात, उभी राहा यावर. मी उभी राहिले. तुम्ही गुडघ्यावर बसून पेन्सिलीनं माझ्या पावलाभोवती रेघ ओढू लागलात. पेन्सिल माझ्या पायाला लागू नये म्हणून तुम्ही ती इतकी लांबून फिरवलीत की पहिलं पाऊल हत्तीचं झालं. आत्या म्हणाली, एवढा पाय असता तर हिला पोलिसात घेतली असती. तुम्ही कागद उलटा फिरवून पुन्हा सुरुवात केलीत, या वेळी पेन्सिल करंगळीला टेकवून. लग्नात तुम्ही जावयाचे पाय धुतले होते ते रीत म्हणून. माझ्या पायाशी तुम्ही तेव्हा पहिल्यांदाच बसलात. गुदगुल्या होत होत्या. मी हलले नाही.

छावणीकडच्या ज्या म्हाताऱ्या कारागिराला तुम्ही तो कागद दिलात, त्यानं विचारलं म्हणे, बूट कोणत्या मुलाचे. तुम्ही त्याला सांगितलंत, मुलाचे समजूनच करा, फक्त नाजूक करा. हे तुम्ही घरी येऊन गंभीरपणे सांगितलंत आणि आत्या पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. काळे बंदाचे बूट आणि तपकिरी पंप शू त्यानं शिवले. जरीच्या लाल मखमली सपाता तुम्ही औरंगाबादेहून आणवल्या. पांढरे कॅनव्हासचे जालन्यातच मिळाले, शाळेतल्या मुलांच्या कवायतीचे, आणि तेच मला नेमके बसले.

आता माझी बाजू सांगते. जोडे तुम्ही ठरवलेत, पण कपडे मी निवडले, आणि ते मी पायांपासून वर निवडले. काळा बूट घालून मी नऊवारीत आरशासमोर उभी राहिले. नऊवारीत घोटा दिसतो, थोडी पोटरी दिसते. वर आत्या आणि खाली मडम, असं ते दिसत होतं. मला तेव्हा सतरावं सरलं होतं, जालन्याबाहेर मी दोनदा गेले होते, सिनेमा एकही पाहिला नव्हता, तरी हे जमत नाही हे मला एका नजरेत कळलं. कसं कळलं ते सांगता येत नाही. मी तुमच्याकडे येऊन म्हटलं, नाना, या बुटांवर नऊवारी चालत नाही, गोल पातळ लागेल. पाचवारी हा शब्द मी मुद्दामच टाळला. त्यात वार कमी झाल्याचं लगेच ऐकू येतं. तुम्ही विचारलंत, नक्की? मी म्हटलं, नक्की. आपल्या घरात तोवर कुणी कासोटा सोडला नव्हता. एरवी त्या एका गोष्टीवर वर्षभर वाद झाला असता. पण जोडे पुरे करायचे होते, आणि जोड्यांना पातळ हवं होतं. तुम्ही मान हलवलीत.

जुन्या जालन्यातल्या कापडाच्या दुकानात आत्या माझ्याबरोबर आली ती देखरेखीला. मी मोरपिशी रंगाचं, बिनकाठाचं, अंगावरून पाण्यासारखं ओघळणारं जॉर्जेट काढायला लावलं. आत्यानं ते हातात घेतलं, उजेडात धरलं, पलीकडचा रस्ता तिला त्यातून दिसला. "काठ न्हाई, पदर न्हाई," ती म्हणाली. "ह्याला सुरू कुठून व्हायचं?" दुकानदारानं शेजारी हिरवंगार, रुंद काठाचं लुगडं पसरलं, नव्या नवरीला शोभेल असं. मी त्याला हात लावला नाही. मोरपिशीवर मला पांढरं झंपर हवं होतं, फुग्याच्या बाह्यांचं, आणि गळ्याला काहीही नको, मंगळसूत्रापलीकडे काही नको. आत्यानं विचारलं, एवढं कमी घालून काय दाखवायचंय. मी म्हटलं, बूट. ती बघतच राहिली. त्या दिवसानंतर तिनं मला कपड्यांबद्दल विचारणं सोडलं, आणि मी काय निवडते ते पाहू लागली.

बाकीचं असंच जुळत गेलं. तपकिरी पंप शूसाठी मातकट रंगाचं सुती पातळ, तपकिरीच बारीक चौकड्यांचं. हे प्रवासासाठी, मळलं तरी कळू नये म्हणून. कॅनव्हासच्या बुटांबरोबर पांढरं, निळ्या रेघेच्या काठाचं, डोंगर चढायला. फक्त मखमली सपाता मी नऊवारीसाठी ठेवल्या, कारण सपात पोटरीशी भांडत नाही. त्यावर लग्नातलं नारायणपेठी. म्हैसूरचा राजवाडा पाहायला आपल्या वेषात जावं असं माझ्या मनात होतं, आणि तेच सगळ्यांत ऐटबाज दिसेल हेही माहीत होतं. पातळ नेसायचं कसं हे मला कुणी दाखवलं नाही. मी आतल्या खोलीत दार लावून चार दुपारी नेसले आणि सोडलं. खाली किती सोडायचं हा खरा प्रश्न होता; जमिनीला टेकवलं तर बूट झाकतो आणि एवढा खटाटोप वाया जातो, वर घेतलं तर आखूड पडल्यासारखं दिसतं. मी बुटाचा बंद दिसेल आणि घोटा दिसणार नाही अशी जागा शोधली. आजही मी साडी तिथेच नेसते. पुढे कॉलेजात मराठी शिकवायला लागले तेव्हा मुली म्हणायच्या, बाईंची साडी नेहमी एकाच उंचीवर कशी असते. ती जागा माझी आहे, एवढंच मी त्यांना सांगायची.

हे आले ते निघायच्या आदल्या दिवशी, चार वाजताच्या सुमाराला. फराळ झाला, हैदराबादची हवा विचारून झाली. मग तुम्ही स्वतः ट्रंक ओसरीवर ओढत आणलीत. मला आठवतंय ते तुमचं त्या वेळचं बसणं, नाना. तुम्ही एरवी पाठ जरा वाकवून बसायचात. त्या दिवशी ताठ होतात. फडक्यात गुंडाळलेला एकेक जोडा काढून तुम्ही चटईवर ओळीनं मांडलात. काळे, तपकिरी, लाल, पांढरे. हे नीट बघत होते, एक हातात घेऊन त्याची शिवण पाहिली, फारच उत्तम काम आहे म्हणाले. आणि मग, सासऱ्यांना उतावीळ वाटू नये इतक्या बेतानं त्यांनी विचारलं,

"आणि जोडे?"

तुम्ही चटईकडे हात केलात. "हे काय."

"नाही, हे झालेच. जोडे. चार सांगितले होते मी."

आत्या दारात येऊन उभी होती. तिच्यानं राहवलं नाही. "जावईबापू, पोरीला पाय तरी किती हायेत?"

हे शाळेपासून हैदराबादला उर्दूतून शिकलेले. घरी मराठी बोलायचे, पण त्या मराठीतले कितीतरी शब्द उर्दूतून आलेत हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नसायचं. तिकडे जोडा म्हणजे अंगावरचा पोशाख, वरपासून खालपर्यंतचा एक. त्यांनी चार पोशाख मागितले होते. हे सगळ्यांत आधी तुम्हाला कळलं. मी तुमच्या चेहऱ्याकडे पाहत होते, म्हणून कधी कळलं तेही मला दिसलं. पाठ पुन्हा वाकली. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, घातलात.

"दिवसभर कचेरीत उर्दूच लिहितो मी," तुम्ही म्हणालात. "घरी होतो म्हणून मराठी ऐकली."

हे शरमले. चूक माझी, मी कपडे म्हणायला हवं होतं, असं दोन-तीनदा म्हणाले. तुम्ही मान हलवत राहिलात, पण तुम्ही त्यांचं ऐकत नव्हता. एवढे दिवस जिच्या नावावर तुम्ही आत्याशी भांडलात, गल्लीला तोंड द्यायची तयारी केलीत, ती फर्माईश कधी नव्हतीच. सांगितलेलं एकच काम होतं, आणि आईवेगळ्या मुलीच्या बापाला ते ऐकूही आलं नव्हतं. हे तुम्ही बोलला नाहीत. मला बोलल्यासारखं ऐकू आलं.

मी उठून आत गेले. चारही कपडे मी घड्या घालून पलंगावर ठेवले होते, ट्रंकेत सर्वांत वर जायचे म्हणून. ते आणले आणि एकेका जोड्यावर एकेक ठेवत गेले. काळ्या बुटांवर मोरपिशी आणि त्यावर पांढरं झंपर. तपकिरीवर चौकडी. कॅनव्हासवर पांढरं. सपातांवर नारायणपेठी. नवऱ्यासमोर, बापासमोर, न विचारता मी अशी मध्ये बसून मांडामांड करते आहे हे माझ्या लक्षातही आलं नाही. मी म्हटलं, "हे चार. उर्दूतले."

यांनी मोरपिशी पातळ उचललं, खालच्या बुटाकडे पाहिलं, पुन्हा पातळाकडे. माझ्याकडे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सरळ पाहिलं असावं. "दोस्तांच्या बायकांना आता अवघड जाणार," एवढंच ते म्हणाले, तेही तुम्हाला उद्देशून. तुम्ही पातळाला हात लावला नाहीत, पण चटईवरचे ते चार ढीग तुम्ही बराच वेळ बघत होता.

तिथंच सगळं मिटलं असतं. पण आत्यानं एक रास्त गोष्ट काढली. ती म्हणाली, चला, कपडे झाले, देवाची कृपा. मंग आता बुटांचं काय, ते तर कुणी मागितलेच न्हाईत. दोन ठेवा ट्रंकेत, दोन राहू द्या घरी, आन् उद्या सकाळी गल्लीतून पोरगी अनवाणी जाईल, टांग्यात बसल्यावर घालायचे ते घालील. वकीलसाहेबांपुढून कशाला. तिच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. ती तुमची अब्रू सांभाळत होती. यांनीही म्हटलं, माझा काही आग्रह नाही. मला ते बूट घालून आपल्या दारातून बाहेर पडायचं होतं, इतकं की तोंडून शब्द निघाला असता तर रडू आलं असतं. इतके दिवस मला ते घालायला कारण होतं. आता ते कारणच भाषेची चूक ठरलं होतं.

तुम्ही फडकी गोळा केलीत, एकेक घडी करून बाजूला ठेवलीत. तपकिरी, लाल आणि पांढरे ट्रंकेत ठेवलेत. काळे बाहेर राहू दिलेत.

"जावयानं मागितले म्हणून केले होते," तुम्ही म्हणालात. "आता मी म्हणतो म्हणून घाल. दारातून घालून जा."

आत्या आत गेली. वाद झाला नाही.

निजामाचं राज्य जायच्या आधीच तुम्ही गेलात. कचेरीतली उर्दू गेलेली तुम्ही पाहिली नाहीत, आणि जालन्याच्या मुली बूट घालून शाळेत जाताना पाहिल्या नाहीत. बंगळूरला मी कशी दिसत होते हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. बापाला ते सांगत नाहीत. आता सांगते. मी फार चांगली दिसत होते. दोस्तांच्या बायकांपैकी एकीनं मला तिसऱ्या दिवशी विचारलं, हे सगळं तुमच्या आईनं निवडून दिलं का. मी म्हटलं, वडिलांनी.

आयुष्यभर मी लोकांना हेही सांगत आले की त्या सकाळी मी बूट घालून गल्लीतून ताठ मानेनं, एकदाही न थांबता गेले. यांचाही तसाच समज होता, कारण ते ट्रंकेबरोबर पुढे होते. तुम्ही मागे होता. तुम्हाला सगळं दिसलं होतं, आणि तुम्ही ते कुणाजवळ बोलला नाहीत. तेव्हा हे पत्र कुठे धाडायचं कारणही नाही. तुम्हाला ठाऊक असलेलंच मी तुम्हाला लिहिते आहे.

त्या सकाळी टांगा गल्लीच्या तोंडाशी उभा होता. वकीलसाहेब ओट्यावर बसलेले होते. त्यांच्यासमोर आल्यावर माझी पावलं थांबली आणि मी वाकून डाव्या बुटाचा बंद सोडला. तुम्ही मागून म्हणालात, गाडीची वेळ झाली. मी बंद पुन्हा बांधला. तुम्ही वकीलसाहेबांना नमस्कार केलात, त्यांनी तो घेतला, आणि आपण टांग्यापर्यंत चालत गेलो.